चाकरी आणि नवनिर्मिती : खानदेशच्या विद्याजीवनातील काही प्रकरणे

वेतनासाठी केलेल्या कामातून नवे काही निपजत नाही, असा समज महाराष्ट्रात फार जुना आहे. उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी ही म्हण त्याच समजाची साक्ष देते. कवी, संशोधक आणि तत्त्वचिंतक हे मोकळे असावयाचे. हजेरीपटावर सही करणाऱ्याने नेमून दिलेले काम बिनचूक करावे, त्याजकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, असे हा समज सांगतो. याच्या अगदी उलट असा दुसरा एक समज अलीकडे रूढ झाला आहे. मनुष्यास कामाचा ध्यास असला की पुरे, प्रतिभा त्याच्यामागून आपल्या पावलांनी चालत येते; संस्थाचालकांनी अशी ध्यासाची माणसे वेचून आणावीत म्हणजे विद्यापीठे आपोआप ज्ञाननिर्मितीची केंद्रे होतील, असे तो सांगतो. या दोहोंपैकी खरे कोणते, हा प्रश्न विद्यापीठे, महाविद्यालये व संशोधनसंस्था यांत चाकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा आहे. आणि त्याचे उत्तर शोधावयास धुळे व जळगाव या दोन जिल्ह्यांच्या इतिहासाइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल.

याचे कारण असे की खानदेशास स्वतःचे विद्यापीठ फार उशिरा मिळाले. मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, पुण्याचे १९४९ साली. खानदेशातील महाविद्यालये आधी एकाशी व मग दुसऱ्याशी जोडलेली होती. जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ उभे राहिले ते १५ ऑगस्ट १९९० रोजी. म्हणजे १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठाणी ठरली, तेव्हापासून मोजले तरी चौऱ्यायशी वर्षे हा प्रदेश विद्यापीठावाचून राहिला. तथापि विद्यापीठाने करावयाची कामे, म्हणजे हस्तलिखितांचा संग्रह, मूळ साधनांचे संशोधन, तत्त्वचिंतन आणि तरुणांचे संस्करण, ही या काळात थांबून राहिली नाहीत. ती एका मामलेदाराने केली, एका फिरत्या संशोधकाने केली, एका गिरणीमालकाच्या आश्रयाने राहिलेल्या अभ्यासकांनी केली आणि एका शाळामास्तराने केली. यांपैकी कोणी पगारी होते, कोणी नव्हते. ध्यास सर्वांनाच होता. परंतु प्रत्येकाच्या ध्यासाचे फळ निराळे आले, आणि ते निराळे का आले हेच येथे पाहावयाचे आहे.

कालक्रमाने पहिले नाव येते ते शंकर श्रीकृष्ण देव यांचे. धुळ्यात जन्मलेल्या देवांनी (१८७१ ते १९५८) कायद्याचे शिक्षण घेतले आणि पुढे सरकारच्या महसूल खात्यात मामलेदारी केली. मामलेदाराचे काम म्हणजे सारावसुली, जमिनीचे तंटे, दुष्काळाची आणेवारी आणि वरिष्ठांची सरबराई. त्यात कल्पकतेस वाव कोठला? पण समर्थ रामदासांच्या वाङ्मयाचा ध्यास देवांस नोकरीपूर्वीच लागलेला होता. १८९३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली होती. पुढे रामदासी मठांतून पडून राहिलेली बाडे, पत्रे आणि सनदा शोधणे, त्यांच्या नकला करणे व त्या छापणे हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग झाला. डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून त्यांनी सिद्ध केलेला दासबोध १९०५ साली प्रसिद्ध झाला. तोवर छापील दासबोधांत पाठांचा जो घोटाळा चालत आला होता त्यास या आवृत्तीमुळे एक ताळा मिळाला. १९३५ साली धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले आणि समर्थांच्या हस्ताक्षरातील मानल्या जाणाऱ्या वाल्मीकिरामायणाच्या प्रतीसह हा सारा ठेवा तेथे स्थिरावला.

देवांचे उदाहरण पहिल्या समजास धक्का देणारे आहे. त्यांची चाकरी व त्यांचा ध्यास यांचा विषय एक नव्हता, तरी दोहोंचा एकमेकांस जाच झाला नाही. किंबहुना महसुली दप्तरात जी शिस्त लागते, कागद कोणाचा, केव्हाचा, त्यावरील हस्ताक्षर कोणाचे, अस्सल कोणता व नक्कल कोणती हे पाहण्याची जी सवय लागते, तीच जुन्या बाडांच्या परीक्षेस हवी असते. चाकरीने येथे ध्यासास हत्यार पुरविले असे म्हणावयास हरकत नाही. मात्र देवांच्या कार्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. त्यांचा ध्यास भक्ताचा होता. भक्त जपतो, जमवितो, शुद्ध करतो. जमविलेल्या वस्तूस आडवे प्रश्न विचारण्याकडे त्याचा कल कमी असतो. संग्रह हे त्यांचे खरे कर्तृत्व, आणि संग्रहावाचून कोणतीच नवी विचारनिर्मिती संभवत नाही हे खरे असले तरी संग्रह म्हणजेच ती निर्मिती नव्हे.

आडवे प्रश्न विचारणारा पुरुष त्याच धुळ्यात पुढे येऊन राहिला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी तारुण्यात थोडा काळ शिक्षकाची नोकरी केली आणि ती सोडली ती कायमची. त्यानंतर त्यांनी कोणाचीही चाकरी केली नाही. पत्नी अल्पवयात वारली, पुन्हा संसार मांडला नाही. गावोगाव हिंडून, आपला स्वयंपाक आपण करून, जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरून आणि पेट्यांतून त्यांनी कागद काढले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली बाहेर पडला; त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतच्या संग्रामापर्यंतची पत्रे होती. एकंदर बावीस खंड निघाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे मतभेद होऊन त्यांनी ते सोडले आणि धुळ्यास वास्तव्य केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचा अंत झाला.

राजवाड्यांच्या कार्यास नवनिर्मिती म्हणावयाचे ते बावीस खंडांच्या वजनासाठी नव्हे. इंग्रज ग्रंथकारांनी व बखरकारांनी सांगितलेला मराठ्यांचा इतिहास समोर असताना त्यांनी हे सांगितले की आधी अस्सल कागद, मग इतिहास. आणि कागद हाती आल्यावर त्यांतून केवळ लढायांचा हिशेब न मांडता समाज, भाषा, जाती, विवाह आणि गावांची नावे यांविषयी प्रश्न विचारले. त्यांची काही उत्तरे पुढील अभ्यासकांस मान्य झाली नाहीत, काही तर साफ चुकीची ठरली. पण प्रश्न त्यांचे स्वतःचे होते आणि ते त्यांनी मराठीत विचारले. इंग्रजी उत्तम येत असतानाही संशोधन मराठीतच लिहावयाचे हा त्यांचा कटाक्ष होता.

आता दुसऱ्या समजाची परीक्षा येथे होते. ध्यास पुरेसा असेल तर राजवाड्यांपाशी तो हवा त्याहून अधिक होता. मग झाले काय? मृत्युसमयी त्यांची कितीतरी कामे अपुरी होती. मराठी धातूंची व शब्दांच्या व्युत्पत्तीची त्यांनी केलेली टिपणे ग्रंथरूप पावली नव्हती. जमविलेल्या कागदांस कायमचे घर नव्हते. धुळ्यातील भास्कर वामन भट प्रभृती मंडळींनी जानेवारी १९२७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले म्हणून ते कागद वाचले. पुढे राजवाड्यांचे धातुकोश व व्युत्पत्तिकोश याच मंडळाने प्रसिद्ध केले आणि त्यांच्या संपादनाचे काम प्राध्यापक कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी केले. कुलकर्णी हे वेतन घेऊन शिकविणारे अध्यापक. १९३३ साली त्यांचा ‘मराठी भाषा : उद्गम व विकास’ हा ग्रंथ निघाला, १९४६ साली त्यांचा स्वतःचा मराठी व्युत्पत्तिकोश निघाला. म्हणजे एका मुक्त पुरुषाने झपाटल्यासारखी जमविलेली टिपणे एका चाकरमान्या प्राध्यापकाने शिस्तीने उलगडली आणि त्या विषयात स्वतःची भर घातली. पहिला नसता तर दुसऱ्याच्या कामास मोठी सामग्री लाभली नसती, दुसरा नसता तर ती सामग्री पेटीतच राहिली असती. प्रतिभा एकाकडे आणि हमाली दुसऱ्याकडे अशी वाटणी येथे करता येत नाही.

कामाच्या ध्यासाचे दोन प्रकार असतात असे अलीकडचे मानसशास्त्र सांगते. कॅनडातील रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली हा भेद मांडला. एका प्रकारात मनुष्य कामावर प्रेम करतो, पण काम त्याच्या ताब्यात असते. ते तो खाली ठेवू शकतो, दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात कामच मनुष्याचा ताबा घेते. ते सोडवत नाही, त्यावरील टीका सोसवत नाही, आणि सहकारी हा सोबती न वाटता अडथळा वाटू लागतो. पहिल्यास सुसंवादी ध्यास म्हणावे, दुसऱ्यास झपाटलेला ध्यास. मराठीत छंद आणि वेड हे दोन शब्द आहेत त्यांतही हा भेद थोडाबहुत उतरलेला आहे. राजवाड्यांसारखा पुरुष दुसऱ्या प्रकाराकडे झुकणारा होता असे त्यांच्या चरित्रावरून दिसते. असा ध्यास डोंगर फोडतो हे खरे. पण फोडलेला दगड रचून घर बांधावयाचे तर माणसे टिकवावी लागतात, आणि तेथे तो उणा पडतो.

असो. धुळ्याहून पूर्वेस बोरी नदीच्या काठी अमळनेर हे गाव आहे. येथे प्रताप शेठ या नावाने विख्यात असलेल्या मोतीलाल माणेकचंद या गिरणीमालकाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. कापूस, सूत आणि सरकीच्या व्यवहारात मिळविलेला पैसा शांकर अद्वैताच्या अभ्यासास लावावा, आणि तो अभ्यास पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाशी तुलना करून व्हावा, हा त्यामागील हेतू. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या अभ्यासकांस येथे वृत्ती मिळे व चिंतन, चर्चा आणि लेखन हेच त्यांचे नेमून दिलेले काम असे. घनश्यामदास रतनमल मलकानी हे या संस्थेचे आधारस्तंभ. येथून निघणारे ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक त्यांनी अनेक वर्षे संपादिले. खानदेशातील एका तालुक्याच्या गावी, गिरणीच्या भोंग्याच्या आवाजात, तत्त्वज्ञानाचे अखिल भारतीय त्रैमासिक छापले जावे ही गोष्ट सामान्य नव्हे.

या संस्थेच्या इतिहासात नवनिर्मितीच्या दृष्टीने दोन प्रसंग विशेष आहेत. पहिला कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासंबंधीचा. भट्टाचार्यांनी बंगालच्या सरकारी शिक्षणखात्यात सुमारे तीन दशके नोकरी केली आणि १९३० साली हुगळी महाविद्यालयातून ते निवृत्त झाले. त्यांचा ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ हा महत्त्वाचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, आणि तो कलकत्त्याहून नव्हे तर अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराकडून. १९३३ ते १९३५ या काळात ते या संस्थेचे संचालक होते. परमतत्त्वाच्या संकल्पनेवरील त्यांचा गाजलेला निबंध १९३४ साली येथील त्रैमासिकातच आला. तेथून ते कलकत्ता विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या सन्मान्य अध्यासनावर गेले. तीस वर्षे एका गावाहून दुसऱ्या गावी बदल्या सोसणाऱ्या सरकारी अध्यापकाच्या मनात जे साठत गेले होते, त्यास ऐकणारे व छापणारे ठिकाण अमळनेरात मिळाले. चाकरीने त्यांची प्रतिभा मारली नाही. परंतु तिला वाट करून देण्याचे काम त्या चाकरीने केले नाही, ते दुसऱ्या संस्थेस करावे लागले.

दुसरा प्रसंग ‘अज्ञान’ या ग्रंथाचा. १९३३ साली लंडनमध्ये छापलेल्या या इंग्रजी पुस्तकाचे तीन लेखक होते: मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती. दोरीवर साप भासतो तो दोरीच्या अज्ञानामुळे. हे अज्ञान म्हणजे नुसता ज्ञानाचा अभाव, की भासास उभे करणारी भावरूप अशी काही शक्ती? अद्वैती लोक ते भावरूप मानतात. मलकानींनी परंपरेची बाजू उचलून धरली, दासांनी तिला कठोर प्रश्न विचारले, मूर्तींनी आपली वाट निराळी काढली. तिघे एकाच आवारात राहणारे, एकाच दात्याच्या अन्नावर पोसलेले. आणि तो दाता अद्वैताचा निष्ठावंत. असे असता अद्वैताच्या मर्मावरच शंका घेणारा निबंध त्या संस्थेतील वृत्तिधारकाने लिहिला आणि मलकानींनी तो आपल्या निबंधाशेजारी छापला. मूर्ती पुढे काशीस बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक झाले व १९५५ साली माध्यमिक बौद्ध मतावरील त्यांचा ग्रंथ जगभर वाचला गेला. त्या ग्रंथाचे सारे श्रेय अमळनेरास देणे अतिशयोक्तीचे होईल. पण तरुणपणी ज्याच्याशी रोज वाद घालता येतो असा सहकारी मिळणे आणि वाद घातल्यामुळे वृत्ती बंद न होणे, या दोन गोष्टींचे मोल ज्याने विद्यासंस्थेत चाकरी केली आहे त्यास सांगावयास नको.

भट्टाचार्यांनी हुगळीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेले ‘स्वराज इन आयडियाज’ हे व्याख्यान त्यांच्या मृत्यूनंतर १९५४ साली छापून आले. त्याचा विषय आणि या लेखाचा विषय एकमेकांस लागून आहेत. इंग्रजी शिक्षण घेऊन इतकी वर्षे झाली, विद्यापीठे झाली, विद्वान झाले. तरी तत्त्वज्ञानात वा साहित्यविचारात खास हिंदी म्हणता येईल असे नवे फार थोडे का निपजले, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर थोडक्यात असे: परक्या कल्पना घेणे ही गुलामगिरी नव्हे, आपल्या कल्पनांशी त्यांची झुंज लावून न पाहता त्या मुकाट्याने स्वीकारणे ही गुलामगिरी, आणि ती बहुधा कळतही नाही. हे निदान मार्मिक आहे. कष्टाळू, कामावर मनापासून प्रेम करणारा अध्यापकही या मुकाट्याने सुटत नाही. तो अधिक वाचतो, अधिक टिपणे काढतो, अधिक उत्तरपत्रिका तपासतो, आणि प्रश्न मात्र दुसऱ्यांचेच सोडवीत राहतो. ध्यास वाढला म्हणून प्रश्न स्वतःचा होत नाही.

येथे एक गंमत नजरेस येते. विचारांच्या स्वराज्याचा हा पुकारा इंग्रजीत झाला. अमळनेरचे त्रैमासिकही इंग्रजीतच निघे. तेथून काही कोसांवर राजवाडे ध्वनीपासून धातूपर्यंत सारे मराठीत लिहीत होते. अमळनेरकरांस वादसंगत होती पण खानदेशच्या वाचकापर्यंत पोहोचणारी भाषा नव्हती. राजवाड्यांपाशी भाषा होती पण टिकणारी संगत नव्हती. दोन्ही ओघ एकत्र यावयास पुढे बराच काळ जावा लागला. जुने त्रैमासिक बंद पडल्यावर १९७३ साली पुणे विद्यापीठाच्या आश्रयाने ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ सुरू झाले, आणि १९७९ साली ‘परामर्श’ हे तत्त्वज्ञानाचे मराठी त्रैमासिक निघाले. अमळनेरच्या प्रताप तत्त्वज्ञान केंद्राचे नाव या उद्योगांशी जोडलेले राहिले.

याच तत्त्वज्ञान मंदिरात १९२३ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचा कोकणातील पालगडचा तरुण अभ्यासासाठी आला. अभ्यासू वृत्ती, संस्कृतची गोडी, एकांताची आवड, सारे काही त्याच्या ठायी होते. तथापि तो तेथे फार काळ रमला नाही. १९२४ साली अमळनेरच्याच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात त्याने शिक्षकाची नोकरी धरली, आणि पुढे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे काम त्याच्याकडे आले. तत्त्वचिंतनाची मोकळीक सोडून मुलांच्या वह्या, अंथरुणे, आजारपणे यांची चाकरी पत्करणारा हा मनुष्य आपल्या प्रतिभेचे नुकसान करून घेत आहे असेच कोणासही वाटले असते. घडले ते उलट. वसतिगृहातील मुलांसाठी त्याने ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले. दिवसाचे काम आटोपल्यावर रात्री बसून लिहावयाचे आणि सकाळी मुलांच्या हाती द्यावयाचे, असा हा परिपाठ. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक निघाले. छापखान्याच्या वाटेस न गेलेल्या त्या दैनिकाने एका शिक्षकास लेखक केले. समोरच्या मुलास उद्या सकाळी समजले पाहिजे, एवढी एकच कसोटी त्याच्या गद्यास लागत गेली, आणि साने गुरुजींच्या भाषेचा साधेपणा त्या कसोटीतून आला.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी गुरुजींनी ही नोकरी सोडली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. ती अठरा प्रवचने गुरुजींनी टिपून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ झाला. १९३३ सालच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात थोड्या दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. रोज सायंकाळी श्याम आपल्या सोबत्यांस एक आठवण सांगतो, ही त्या पुस्तकाची घडण आहे. ज्याने वर्षानुवर्षे मुलांच्या घोळक्यात बसून सांगितले, त्यास ही घडण बाहेरून आणावी लागली नाही. पुस्तक तुरुंगात लिहिले गेले, पण त्याची तयारी हायस्कुलाच्या चाकरीत झाली होती.

या चार प्रकरणांवरून काय निष्पन्न होते? चाकरी प्रतिभेस मारते, हे सर्वथा खरे नाही. देव, कुलकर्णी, भट्टाचार्य, साने गुरुजी, हे सारे कोठे ना कोठे पगार घेत होते. ध्यास असला की निर्मिती होतेच, हेही खरे नाही. ध्यासाने मनुष्य अधिक वेळ कामावर राहतो, एवढेच खात्रीने सांगता येते. तो वेळ कशात जातो हे दुसऱ्या गोष्टींवर अवलंबून असते. त्यांतील मुख्य गोष्ट ही की चाकरी करणाऱ्यास स्वतःचा प्रश्न धरण्याची मुभा असावी आणि त्या प्रश्नास उत्तर देणारा, विरोध करणारा वा निदान उद्या सकाळी वाचणारा कोणी समोर असावा. मलकानींसमोर दास होते. साने गुरुजींसमोर वसतिगृहाची मुले होती. राजवाड्यांसमोर अखेरीस स्वतःचीच टिपणे उरली.

दुसरी गोष्ट संस्थांनी ध्यानात धरण्याजोगी आहे. ध्यासाची माणसे स्वस्तात मिळतात. ती सुटीच्या दिवशी येतात, नेमून न दिलेले काम उचलतात, बक्षिसाची मागणी करीत नाहीत. त्यामुळे संस्थेस हळूहळू त्यांच्या ध्यासावर गुजराण करण्याची चटक लागते. ग्रंथपालाने आवडीने सूची केली, ती त्याची जबाबदारी होऊन बसते. अध्यापकाने हौसेने एक उपक्रम केला, पुढील वर्षी त्याचा तक्ता भरून मागितला जातो. हौसेचे रूपांतर असे हुकुमात झाले की निर्मिती आटते आणि झीज तेवढी राहते. राजवाड्यांच्या ध्यासाचे कौतुक महाराष्ट्राने भरपूर केले. पण ते हयात असताना त्यांच्या कागदांस एक कायमचे घर व दोन पगारी लेखनिक देणे हे त्या कौतुकाहून अधिक उपयोगाचे झाले असते. ते घर मृत्यूनंतर बांधले गेले. प्रताप शेठांनी हे आधी ओळखले, म्हणून त्यांचे नाव दात्यांच्या सामान्य यादीत न राहता विचाराच्या इतिहासात नोंदले गेले.

आज धुळे, जळगाव आणि १९९८ साली निराळा झालेला नंदुरबार या तीन जिल्ह्यांची महाविद्यालये जळगावच्या विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. २०१८ साली त्या विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. आसोद्यास १८८० साली जन्मलेली आणि १९५१ साली जळगावात निवर्तलेली ही स्त्री शाळेत गेली नव्हती. शेतात राबताना व जात्यावर बसताना तिने गाणी रचली. तिच्या हयातीत ती ग्रंथरूपाने आली नाहीत. घरच्या मंडळींनी काही लिहून ठेविली होती, त्यांचा संग्रह १९५२ साली प्रसिद्ध झाला. तिच्या कष्टांस कोणी वेतन दिले नाही, आणि कष्ट केले म्हणून प्रत्येक शेतकरीण कवयित्री होत नाही. तिच्यापाशी पाहण्याची स्वतःची दृष्टी होती व बोलण्याची स्वतःची भाषा होती. परंतु ऐकून लिहून घेणारा घरात नसता, तर खानदेशातील अगणित जात्यांवरच्या ओव्यांप्रमाणे तीही वाऱ्यावर गेली असती.

ज्या विद्यापीठावर हे नाव कोरले आहे तेथे चाकरी करणाऱ्या अध्यापकांपासून लेखनिकांपर्यंत सर्वांकडून नवनिर्मितीची अपेक्षा करणे रास्त आहे. मात्र ध्यास हा ज्याचा त्याने आणावयाचा असतो; तो परिपत्रकाने उत्पन्न होत नाही. संस्थेने पाहावयाचे ते निराळे. आपल्या आवारात कोण काय नवे सांगत आहे हे ऐकावयास कोणी नेमले आहे काय, त्यास उलट प्रश्न विचारणारा सोबती मिळतो काय, आणि सांगितलेले जपून ठेवावयास जागा आहे काय, याचा तिने आपल्याशी वर्षातून एकदा तरी हिशेब करावा.